उजव्या हाताचा प्रमाणित अंगठा

कारखान्यात त्यांना सगळे तोंडावर भिंगबाई म्हणत आणि पाठीमागेही भिंगबाईच म्हणत. त्या कारखान्यात ही फार मोठी गोष्ट होती, कारण बाकी प्रत्येकाला दोन नावं होती. गुणवत्ता विभागाचे साहेब तोंडावर नुसते साहेब असत आणि पाठ वळली की शून्यसाहेब होत. बाईंना मात्र दुसरं नाव ठेवावं असं कुणाच्या मनातच आलं नाही. सव्वीस वर्षं त्या खिडकीजवळच्या एकाच टेबलाशी, वाकलेल्या दिव्याखाली, बशीएवढ्या भिंगातून सोल्डरचे, म्हणजे वितळवलेल्या कथलाचे, टाके बघत आल्या होत्या, आणि बघून झालं की कार्डाच्या कोपऱ्यात एक इवलासा निळा शिक्का मारत होत्या. शिक्क्यावर फक्त सात हा आकडा होता. सहा आणि आठवाले कधीच सोडून गेले होते.

कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पाटी. तिच्यावर तीन-चार डझन बारीक भाग, आणि मधोमध रिले नावाची एक काळी डबी. ही कार्डं जात अणुवीज केंद्रात. तिथे त्यांचं काम एकच होतं. अणुभट्टीतली उष्णता मर्यादेबाहेर गेली की राखीव पंपाला ‘चल, ऊठ’ म्हणायचं. ती वेळ कदाचित तीस वर्षांत यायचीही नाही. म्हणजे तीस वर्षं गप्प बसायचं आणि एक दिवस चोख काम करायचं. कारखान्यातल्या निम्म्या साहेबलोकांना यातला पहिला भाग उत्तम जमत असे.

केंद्रात ही कार्डं बसवायचं काम बाईंच्या सख्ख्या धाकट्या भावाकडे होतं. त्याला लहानपणी बाईंनीच कडेवर घेऊन मिरवलं होतं, आणि आता तो टकला होऊन आजोबा व्हायला आला तरी घरात त्याचं नाव ‘धाकटा’च राहिलं. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की त्याचा फोन यायचा.

“ताई, परवा तुझी पंधरा कार्डं बसवली,” तो म्हणायचा. “बाकीच्यांचा माल आला की आम्ही चार माणसं चार दिवस तपासत बसतो. कोपऱ्यात सात दिसला ना, की मी डोळे झाकून बसवतो.”

“डोळे झाकून काय बसवतोस! नीट बघून बसव,” बाई दटावायच्या. पण त्या दिवशी त्यांचा चहा जरा जास्तच गोड व्हायचा.

आता शून्यसाहेबांची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या सगळ्याच्या मुळाशी तेच आहेत. पाच वर्षांपूर्वी ते या कारखान्यात आले तेव्हा त्यांनी भिंतीवर एक मोठा आलेख लावला: दर महिन्याला तपासणीत किती दोष सापडले. रेघ वर वर जात होती. साहेबांना ती बघवेना. त्यांनी शोध लावला की बहुतेक दोष एकाच जागी सापडतात, रिलेच्या पायांशी, म्हणजे डबीखालून निघणाऱ्या तारांशी. आधी पाय सोल्डरने पक्के केले जात, मग पायांची जास्तीची टोकं कटरने कापली जात, मग कार्ड बाईंच्या भिंगाखाली येई. कटरच्या हिसक्याने कधी कधी टाक्याला केसाएवढी भेग पडायची. बाई ती पकडायच्या आणि कार्ड परत पाठवायच्या.

दुसऱ्या कुणी कटर बदलला असता, किंवा आधी पाय कापून मग टाका घातला असता. साहेबांनी तपासणी बदलली. कापणीच्या आधी तपासायचं, नंतर कापायचं, मग थेट चाचणी. पुढच्याच महिन्यात रेघ जमिनीला टेकली. दोष व्हायच्या आत तपासणी उरकून टाकली की दोष सापडायचे कुठून? साहेबांची वाहवा झाली, वरून पाहुणे आले, टाळ्या झाल्या, आणि ‘शून्य दोष’ असं कोरलेली एक पितळी ढाल भिंगबाईंच्या हातात देऊन फोटो काढला गेला.

तो बदल मान्य असल्याच्या कागदावर बाईंनीही सही केली होती. तेव्हा त्यांची मान फार दुखायची, परत पाठवलेल्या कार्डांचा ढीग टेबलावर साचायचा, आणि अचानक ढीग नाहीसा झाला तर कोणाला नको असतं? त्यांना बरंच वाटलं. कुठे तरी मनात खुपलं, पण ढाल जड होती आणि घरच्या कपाटात ती छान दिसत होती. नवरा दर आठवड्याला तिला फडका मारायचा. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं आणि चकचकीत वस्तूंचा त्याला भारी सोस.

पाच वर्षं सुखात गेली. मग केंद्रातून एक कार्ड परत आलं. सोबत चिठ्ठी होती: मासिक तपासणीत कार्डाने पंप चालू केला नाही. कारखान्यात त्याची चाचणी झाली, हिरवा दिवा लागला, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तेच कार्ड केंद्राला परत गेलं. महिन्याभराने दुसरं आलं. दिवा लागला, दोष आढळला नाही, परत गेलं. तिसरं आलं तेव्हा शून्यसाहेब वैतागून म्हणाले, “केंद्रातल्या लोकांना कार्ड हाताळता येत नाही. त्यांना प्रशिक्षण द्या.”

प्रशिक्षण द्यायचं ते कोणाला? धाकट्याला! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पोराला त्यांनी स्वतः हात धरून पहिला टाका घालायला शिकवलं होतं, त्याला हे हाताळणं शिकवणार! त्यांनी ते तिसरं कार्ड कुणाला न विचारता टेबलावर घेतलं, भिंग खाली ओढलं आणि रिलेच्या पायांशी बघितलं. एका पायाभोवती सोल्डरमध्ये बारीक काळी गोल रेघ होती, नखाभोवती मळ साचावा तशी. पूर्ण गोल. म्हणजे पाय नुसता भोकात उभा होता, कशालाच धरून नव्हता. आणि कोपऱ्यात ठसठशीत सात.

हा शिक्का आपण मारला कसा? पण त्याहून मोठा प्रश्न असा, की पाय सुटलेला आहे तर दिवा लागतो कसा?

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं, “अहो, तुमच्या हातात चालणारं घड्याळ गिऱ्हाइकाकडे जाऊन बंद पडतं का कधी?”

“नेहमी पडतं,” नवरा डोळ्यावरचं भिंग वर सरकवत म्हणाला. “हातात धरलं की बिघडलेलंही चालतं थोडा वेळ. म्हणून तर मी खिळ्याला दोन दिवस टांगून ठेवतो आणि हात लावत नाही. हात लावला की कळतच नाही ते स्वतःच्या बळावर चालतंय की आपल्या.”

दुसऱ्या दिवशी बाई चाचणीच्या खोलीत गेल्या. ही खोली त्यांच्या टेबलापासून चाळीस पावलांवर होती आणि तिथे जाण्यासाठी तीन सह्यांचा अर्ज लागत होता, त्यामुळे गेली कित्येक वर्षं त्या तिथे गेल्याच नव्हत्या. आज अर्ज न भरताच गेल्या. चाचणीवाला हा पन्नाशीचा, सरळ मनाचा, कामाला वाघ असलेला गडी. दर दीड मिनिटाला तो एक कार्ड यंत्राच्या खाचेत बसवायचा, उजव्या अंगठ्याने मधली काळी डबी दाबून धरायचा, डाव्या हाताने बटण दाबायचा. हिरवा दिवा. पुढचं.

“दादा, अंगठा कशाला?” बाईंनी विचारलं.

“खाच ढिली झालीये ना, बाई. कार्ड हलतं. सहा वर्षांपूर्वी नवीन खाच मागवली, कागद खरेदी विभागात आहे. तोवर आपला अंगठा.” त्याने अभिमानाने अंगठा दाखवला. त्यावर रिलेच्या आकाराचा चौकोनी घट्टा पडला होता. “एक कार्ड नापास नाही झालं बघा सहा वर्षांत.”

बाईंनी जवळच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, घडी घातली, आणि खाचेच्या कडेला पाचर म्हणून ठोकली. कार्ड घट्ट बसलं, रिलेला कुणी हात लावायचं कारण उरलं नाही. “आता अंगठा खिशात घाला,” त्या म्हणाल्या.

पहिल्या कार्डाचा दिवा लागला. दुसऱ्याचा लागला. तिसऱ्याचा लागला नाही. चाचणीवाल्याचा अंगठा आपोआप पुढे आला, बाईंनी त्याच्या मनगटावर चापट मारली. त्या दिवशी त्यांनी चाळीस कार्डं तपासली आणि अकरा गप्प राहिली. अंगठ्याने डबी दाबली की तुटलेला पाय टाक्याला टेकायचा आणि दिवा लागायचा. अंगठा काढला की सगळा खेळ खलास. चाचणीवाला खुर्चीत बसला आणि कितीतरी वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. “मला कुणी बोललंच नाही हो, बाई,” तो म्हणाला, आणि त्याचं ते म्हणणं अगदी खरं होतं.

बाईंनी अहवाल लिहिला. दोन पानी, चित्रांसह. कटर बदला, तपासणी पुन्हा कापणीनंतर आणा, खाच बदला. शून्यसाहेबांनी बैठक बोलावली.

“बाई, तुमच्या अहवालात एक गंभीर चूक आहे,” साहेब म्हणाले. “चाचणीच्या कार्यपद्धतीत पुठ्ठ्याची पाचर कुठेही लिहिलेली नाही. म्हणजे तुमची चाचणी नियमबाह्य. म्हणजे ती अकरा कार्डं नापास झालेलीच नाहीत.”

“साहेब, कार्यपद्धतीत अंगठाही कुठे लिहिलेला नाही.”

साहेबांनी कार्यपद्धती चाळली. खरंच नव्हता. त्यांचा चेहरा काळजीने झाकोळला, कारण तीनच आठवड्यांनी बाहेरचे लेखापरीक्षक यायचे होते आणि ते नेमकं हेच बघत: लिहिलंय तसं करता का, आणि करता तसं लिहिलंय का. सहा वर्षं रोज एक न लिहिलेली गोष्ट होत होती! हा मात्र भयंकर दोष होता. तो ताबडतोब दूर करण्यात आला. कार्यपद्धतीला सुधारणा नऊ जोडली गेली: ‘चाचणीच्या वेळी रिले उजव्या हाताच्या अंगठ्याने योग्य त्या दाबाने दाबून धरावा.’ खाली शून्यसाहेबांची लफ्फेदार सही.

बाईंनी कपाळाला हात लावला. पण प्रकरण इथे थांबलं तर तो कारखाना कसला! ‘योग्य तो दाब’ म्हणजे किती, असं लेखापरीक्षक विचारतील म्हणून चाचणीवाल्याला भांडारातल्या काट्यावर दहा वेळा अंगठा दाबायला लावून सरासरी काढली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की चाचणीच्या प्रत्येक साधनावर ते प्रमाणित असल्याची चिठ्ठी लागते. अंगठा हे आता साधन झालं होतं. तेव्हा त्याच्या नखावर चिठ्ठी डकवण्यात आली, ‘प्रमाणित. पुढील तपासणी एक वर्षाने.’ ती पहिल्याच आंघोळीत निघाली. दुसरी दिली, तीही निघाली. शेवटी त्याने ओळखपत्राबरोबर गळ्यात घालायचं एक प्लॅस्टिकचं प्रमाणपत्र बनवलं, अंगठ्याच्या फोटोसकट. तो दोन दिवस तापाने आजारी पडला तेव्हा प्रमाणित अंगठा नाही म्हणून चाचणी बंद राहिली. लेखापरीक्षक आले, प्रमाणपत्र बघितलं, मान डोलावली आणि ‘उत्तम नोंदी’ असा शेरा देऊन गेले. अहवालातली अकरा कार्डं अंगठा लावून पुन्हा तपासली गेली आणि अकराच्या अकरा उत्तीर्ण झाली.

त्याच आठवड्यात केंद्राची मोठी मागणी तयार झाली. दोनशे चाळीस कार्डं. तिकडे अणुभट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. चालू व्हायच्या आत ही कार्डं बसायची होती. पेटीबरोबरच्या प्रमाणपत्रावर बाईंचा शिक्का हवा होता.

“मी मारणार नाही,” बाई म्हणाल्या.

शून्यसाहेब रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत, तेही एक त्यांचं शून्यच होतं. “हरकत नाही,” ते म्हणाले. “तुमचीही निवृत्ती जवळ आलीये, मान दुखते. भांडारात हलकं काम आहे. शिक्का एखाद्या नव्या मुलीकडे देऊ. शिक्का कंपनीचा आहे, बाई. सात नंबर काही तुमचा नाही.”

बाई टेबलाशी येऊन बसल्या. त्यांना रडू येत होतं आणि ते आलेलं कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी भिंगात तोंड घातलं. त्यांनी नाही म्हटलं तरी पेटी सातच्या शिक्क्यानिशीच जाणार. धाकटा कोपऱ्यात सात बघणार. आणि डोळे झाकणार.

रविवारी त्याचा फोन आला तेव्हा त्यांनी तोंड उघडलंही होतं. “अरे, ऐक, ही जी कार्डं येतायत ना...”

“हो, तुझीच म्हणून आमच्या साहेबांना सांगितलंय मी, तपासणीत दिवस घालवू नका,” तो खुशीत म्हणाला.

“पण मी म्हणते त्यात काही बिघाड असला तर?”

“तुझ्या मालात? ताई, गंमत करू नकोस. आणि असं फोनवर सांगून आमच्याकडे एक स्क्रूसुद्धा हलत नाही. आमच्याकडे कागदावर नाही ते घडलंच नाही!” तो हसला.

बाईंनी फोन ठेवला. पाच वर्षांपूर्वी सही केली त्याची त्यांना इतकी लाज वाटत होती, की पुढचं त्यांनी सांगितलंच नाही. पण कागद हा शब्द त्यांच्या डोक्यात राहिला.

सोमवारी त्यांनी आपण होऊन प्रमाणपत्र मागून घेतलं. “हे शहाणपणाचं,” शून्यसाहेब म्हणाले. प्रमाणपत्राच्या तळाशी ‘वापरताना पाळायच्या अटी’ असा एक चौकोन होता. सव्वीस वर्षं त्यात ‘काही नाही’ एवढंच लिहिलं जाई. बाईंनी आपल्या टपोऱ्या अक्षरात तिथे लिहिलं: ‘यातील प्रत्येक कार्ड, कार्यपद्धती सुधारणा नऊनुसार, रिले उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबून धरल्यावर उत्तीर्ण झाले आहे. वापराच्या ठिकाणीही अंगठ्याची व्यवस्था असावी.’ खाली शिक्का मारला. कागद सहीसाठी साहेबांकडे गेला. साहेब कुठल्याही कागदावर एकच चौकोन बघत, दोषसंख्येचा. तिथे शून्य होतं. त्यांनी सही केली.

नवव्या दिवशी केंद्राचं पत्र आलं. ते कारखान्याच्या मालकाच्या नावे आलं होतं आणि मालकाने ते भर बैठकीत शून्यसाहेबांना मोठ्याने वाचायला लावलं.

‘आपण पाठवलेली दोनशे चाळीस कार्डे मिळाली,’ साहेब वाचू लागले. ‘अटींमध्ये नमूद केलेले दोनशे चाळीस अंगठे मात्र पेटीत आढळले नाहीत. कार्डे अणुभट्टीच्या सुरक्षेसाठी असल्याने हे अंगठे चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही, जागेवर लागतील. ते पाठवता येत नसल्यास...’ इथे साहेबांचा आवाज बसला. पुढचं मालकाने स्वतः वाचलं. कार्डं परत येत होती आणि पाठोपाठ केंद्राचे चार तपासनीस येत होते.

“बाई, हे काय लिहिलंत तुम्ही?” शून्यसाहेबांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ते रागावले होते.

“पद्धतीत होतं तेच लिहिलं, साहेब. तुमची सही आहे.”

मागे बसलेल्या चाचणीवाल्याने गळ्यातलं प्रमाणपत्र हळूच काढून खिशात टाकलं.

बाईंची बदली भांडारात झाली ती झालीच. तपासनीस आले, कटर बदलला, खरेदी विभागातून सहा वर्षांचा कागद दोन तासांत बाहेर पडला. कारखान्यात बाईंचं कौतुक करणारे बरेच निघाले. अहवाल दिला तेव्हा मूग गिळून बसलेले सगळे त्यात होते. नवऱ्याने खुशीत येऊन ढाल पुन्हा एकदा पुसली. बाई ती पुसताना बघत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता.

आज धाकट्याचा आवाज वेगळा होता. “ताई, ती अट मीच वाचली आधी. खूप हसलो. मग हसू थांबलं.”

“बरं झालं, वाचलंस.”

“ही दोनशे चाळीस थांबली. पण आधीची? पॅनेलमध्ये बसलेली?” तो म्हणाला. “मी कधी उघडून बघितलंच नाही गं. तुझी होती म्हणून.”

समोर पितळी ढाल लखलखत होती. ती घरात आली त्या वर्षापासून मोजायला हवं होतं.

“पाच वर्षांतली सगळी काढ,” त्या म्हणाल्या.

“सगळी? ताई, ती सगळी तुझ्या शिक्क्याची आहेत. इतकी निघाली तर चौकशी तुझ्यावर येईल. त्या शून्यावर नाही यायची. आमच्या तपासनिसांनी आणलेल्या कागदांत दिसलं, तो बदल मान्य म्हणून तुझीही सही आहे ना?”

“आहे.”

“मग?”

“मग काय! सात दिसला की काढायचं. एकसुद्धा ठेवायचं नाही.” बाईंनी ढालीकडे पाठ फिरवली. “आणि या वेळी डोळे उघडे ठेवून काढ. वही घे, कुठल्या महिन्यात किती पाठवली ते मला पाठ आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्या पहिल्या महिन्यापासून सांगू लागल्या आणि धाकटा लिहून घेऊ लागला.